गुडघ्यातलं इंजेक्शन आणि त्याआधीचे पंधरा दिवस : चिपळूणच्या दवाखान्याचा माझा अनुभव

"बाई, पायाच्या बोटांत चिखल्या झाल्यात का?" सिस्टरने फोनवर हे विचारलं तेव्हा मला वाटलं, दुसऱ्याच पेशंटचा कागद तिच्या हातात आलाय. माझा गुडघा दुखतो, बोटांचं काय? मी "नाही हो" म्हणून मोकळी झाले. हे उत्तर मला पुढे महागात पडलं, ते सांगतेच.

माझं वय 63. गुहागर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं शिकवलं. घर वरच्या वाडीत. रस्त्यावरून घरी यायला जांभ्याची पाखाडी आहे, 62 पायऱ्यांची. गेल्या शिमग्यापासून उजवा गुडघा असा धरला की पाखाडीवर तीनदा बसावं लागायचं. पाटावर बसून आमसुलं करणं सुटलं, सुपारी सोलणं सुटलं. रात्री कुशीवर वळलं तरी जाग यायची. मधुमेह आहे, त्यामुळे पेनकिलर रोज घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो, असं आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बजावलेलं.

इंजेक्शनची मला भीतीच होती, आणि तिला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी गेले होते. आत गेल्यावर दहा मिनिटांत सुई टोचून बाहेर. साखरेचं कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तोंडाला कोरड, रात्रीत सहा वेळा उठणं. मशीनवर साखर पाहिली तर 346. त्या इंजेक्शनात स्टिरॉइड असतं आणि त्याने मधुमेहींची साखर काही दिवस चढते, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. आमचे हे तर रात्रभर उशाशी बसून होते. तेव्हापासून गुडघ्याला सुई लावून घ्यायची नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

2025 साली गणपती 27 ऑगस्टला होते. मुलगा, सून, नातवंडं डोंबिवलीहून येणार, आणि मी पाखाडी उतरून गणपती आणायलाही जाऊ शकणार नाही, याचं फार वाईट वाटलं. वाडीतल्या एका वहिनींनी चिपळूणच्या या हाडांच्या दवाखान्याचं नाव सुचवलं. शृंगारतळी, मार्गताम्हाने करत जायचं, पावसात दीड तास धरावा.

पहिल्या भेटीला, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, त्यांनी सगळी औषधं पिशवीत घालून आणायला लावली होती. काढे आणि चूर्णंसुद्धा. डॉक्टरांनी एकेक पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. उभं राहून एक्स-रे काढला, कारण वजन पडल्यावरच हाडांमधली जागा किती राहिली ते दिसतं. मग स्वच्छ सांगितलं, "कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, झिजली आहे बाई, ती इंजेक्शनने परत येणार नाही. सूज उतरेल, दुखणं काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने कमी राहील. तेवढ्यात मांडीचे स्नायू बळकट करायचे." सांध्यात वंगणासारखं सोडतात त्या जेलच्या इंजेक्शनचं मीच विचारलं. ते बरंच महाग असतं आणि प्रत्येकाला सारखा गुण येत नाही, म्हणून सुरुवात त्याने नको, असं तेच म्हणाले. जास्त पैशाचं औषध डॉक्टर स्वतःहून टाळतात, हे मला आवडलं.

पुढे विचारपूस. दाताच्या डॉक्टरांकडे भूल दिली होती तेव्हा काही त्रास झाला का, आयोडीनची अॅलर्जी आहे का, गुडघा बदलायचं ऑपरेशन नजीकच्या काळात ठरलंय का (ठरलं असेल तर साधारण तीन महिने आधी हे इंजेक्शन टाळतात, नाहीतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो). मी रक्त पातळ राहायची 75 ची गोळी घेते. शेजारणीने ती पाच दिवस आधी बंद करायला सांगितली होती. डॉक्टर म्हणाले, "आपल्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही. ती हृदयासाठी आहे, आणि या सुईला ती आड येत नाही." ज्यांची गोळी वेगळी, त्यांनी अर्थातच आपापल्या डॉक्टरांना विचारावं. उपाशी राहायची गरज नव्हती, उलट जेवून, साखरेच्या गोळ्या वेळेवर घेऊन या म्हणाले. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) तपासली, 7.4 टक्के आली. घरी आठ दिवस सकाळ-संध्याकाळ साखर मोजून लिहायला सांगितली. मी हजेरीपटासारखे रकाने आखले.

गणपतीचंही त्यांनीच विचारलं. मी म्हटलं, चार दिवस आधी द्या, म्हणजे औषध ताजं राहील. त्यांनी मान हलवली. गुण यायला काही दिवस लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत साखर चढलेली असते. वर घरात उकडीचे मोदक. निदान पंधरा-वीस दिवस आधीच उरका म्हणाले. तारीख मिळाली 31 जुलै.

त्या दिवशी भाड्याची गाडी करून गेलो. पायावरचं पातळ वर घेतलं, डॉक्टरांनी गुडघा पाहिला, मग पाऊल हातात घेतलं आणि करंगळीची बेचकी उघडली. चिखल्या होत्या. बागायतीत अनवाणी वावरणाऱ्याला श्रावणात चिखल्यांचं काय कौतुक? पण एका भेगेत पू धरला होता, तो मला दिसलाच नव्हता. डॉक्टर म्हणाले, आज नाही. अंगात कुठेही पिकलेलं असताना सांध्यात सुई घातली आणि जंतू आत गेले तर सांधाच खराब होतो. मलम दिलं, पाय कोरडे ठेवायला सांगितलं, आणि त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. गाडीभाडं मात्र गेलं. परतताना मला रडू आलं, स्वतःचाच राग आला. सिस्टरने विचारलं होतं, मी न बघता उत्तर दिलं. म्हणून हे लिहिते आहे: पावसात जाणार असाल तर आधी घरच्या कोणाला तरी बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा आणि गुडघ्यावरचे ओरखडे नीट बघायला लावा. ताप, गळू, लघवीची जळजळ, काहीही असलं तरी फोन करून कळवा.

नंतरची तारीख 7 ऑगस्ट. आदल्या रात्री निरगुडीचा पाला बांधायचा नाही, सकाळी तेल किंवा लेप लावायचा नाही, साबणाने आंघोळ करून सैल कपडे घालायचे, एवढंच. आमच्या ह्यांनी मात्र घरचीही तयारी केली. पाखाडीवरचं शेवाळ खरवडून ब्लीचिंग पावडर टाकली, कठड्याशी बांबू बांधला.

खुद्द इंजेक्शनला पाच-सात मिनिटं लागली असतील. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, वाटीच्या बाहेरच्या बाजूला पेनाने खूण, तीनदा पुसणं. आधी आतलं पाणी काढलं, पिवळसर, नितळ, वीस मिलीच्या आसपास. डॉक्टरांनी ते मला दाखवलं. मग त्याच सुईतून ट्रायमसिनोलोन (हेच ते स्टिरॉइड) 40 मिलिग्रॅम आणि थोडं लिग्नोकेन, म्हणजे भुलीचं औषध. दाब जाणवला, कळ अशी नाही. अर्धा तास बसवून ठेवलं आणि सोबत कोण आहे ते बघूनच सोडलं.

संध्याकाळी भूल उतरली आणि गुडघा आधीपेक्षा जास्त ठणकला. पहिले एक-दोन दिवस असं होऊ शकतं हे आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही. शेक नाही, चोळणं नाही. पॅरासिटॅमॉल आणि बर्फ. बर्फ आमच्याकडे मासळीवाल्याकडूनच येतो, तोच फडक्यात गुंडाळला. गुडघा लालबुंद आणि गरम झाला, ताप आला, पाय टेकवेना, तर रात्री दोनलाही फोन करा असं सांगून एक नंबर दिला होता. तशी वेळ आली नाही. पण सिस्टरने दुसऱ्या आणि पाचव्या दिवशी स्वतःहून फोन करून माझे आकडे लिहून घेतले. दुसऱ्या संध्याकाळी 268, पाचव्या दिवशी 190, आठव्या दिवशी 148. या वेळी आकडा बघून छातीत धस्स झालं नाही, कारण तो चढणार आणि उतरणार हे मला माहीत होतं. चौथ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठले आणि न्हाणीघरापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की भिंत धरलीच नाही.

आता तक्रारी. गुडघ्याचा दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, 18 उभ्या पायऱ्या. हे मला अजिबात पटत नाही. खाली शिपाई असतो, खुर्चीतून वर नेतो, पण ते मागून घ्यावं लागतं, आणि म्हाताऱ्या माणसांना मागायचा संकोच वाटतो. अकराची वेळ दिली होती, आत घेतलं एक वाजून दहा मिनिटांनी. मधुमेहाच्या पेशंटने डबा बरोबर न्यावाच. आणि सूचनांचा छापील कागद इंग्रजीत आहे. सिस्टर मराठीतून छान समजावते, पण तिने फोन ठेवल्यावर वाडीतल्या बाईने काय वाचायचं? मी माझ्या वहीतून तो मराठीत उतरवून त्यांना दिलाय. पुढच्या खेपेला भिंतीवर दिसला नाही तर परत आठवण करीन.

खर्च पैसे लागलेल्या दोन्ही भेटी, एक्स-रे, रक्त तपासणी, इंजेक्शन मिळून 3,150 रुपये झाला, गाडीभाडं वेगळं.

27 तारखेला मी नातवाचा हात धरून पाखाडी उतरले. एकदा बसले, चाळिसाव्या पायरीवर, तेही टाळ वाजवणारी मुलं मागे राहिली म्हणून. तीन महिन्यांच्या आत दुसरी सुई मागायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तोवर रोज पडवीत गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवून मांडी ताणते आणि दहापर्यंत मोजते, सकाळी वीस वेळा, संध्याकाळी वीस वेळा.