फोंड्यातली एए मीटिंग, दादाबरोबर गेलो तो अनुभव

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए), म्हणजे दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट, त्यांच्या ओपन मीटिंगला गेलो होतो, ओपन म्हणजे घरचेही बसू शकतात, क्लोज्ड फक्त दारू सोडायचीय त्यांच्यासाठी. फी नाही, आडनाव कोणी विचारत नाही, वर्गणीचा डबा फिरला तोपण मेंबरांपुरताच, आमच्याकडून दहा रुपयेसुद्धा घेतले नाहीत. बाजूला पंचविशीतला पोरगा आणि पलीकडे सत्तरीचे आजोबा, दोघांची गोष्ट एकच, सकाळी हात थरथरायचे म्हणून पहिला पेग. दादा ते ऐकून रडला, बाबा गेले तेव्हापण रडला नव्हता.

एक मात्र नीट लक्षात घ्या, इथे औषध मिळत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, जीवावर बेततं, म्हणून आम्ही आधी बांबोळीला मानसोपचार इस्पितळात डॉक्टरना दाखवलं आणि मगच इथे. घरच्यांसाठी अल-ॲनॉन आणि पोरांसाठी ॲलाटीन असे वेगळे गट असतात हे मला इथेच कळलं, वैनी आता जाते, तिचा चेहराच बदललाय. जागा तेवढी वरच्या मजल्यावर, म्हाताऱ्यांना जिना चढायला त्रास होतो, खाली हॉल मिळाला तर बरं होईल. पाच स्टार. उर्राकचा, म्हणजे काजूच्या दारूचा, सीझन चालू आहे तरी दादा दर रविवारी जातोय.