प्रार्थनासभेला भाड्याचं साउंड: सेट प्रचाराचा, काम उपासनेचं

सोलापुरात चर्चच्या आवारातल्या उपासनेसाठी जो साउंडचा सेट भाड्याने येतो, तो बहुतेक मिरवणूक नाहीतर प्रचारसभा उरकून आलेला असतो. १५ इंची दोन पॉवर्ड (आतच अँप्लिफायर असलेले) स्पीकर, ८ चॅनलचा मिक्सर, दोन कॉर्डलेस माइक, एक वायरचा. मागितलं तर पेटी-ढोलकीला आणखी दोन. शे-सव्वाशे माणसांना एवढं भरपूर होतं. वस्तूंना नाव ठेवायला जागा नाही. बिघडतं ते लावण्यात.

पहिलं म्हणजे एको. घोषणेला तो शोभतो, म्हणून साउंडवाला तो चालूच ठेवतो. मग ‘हे प्रभू’मधला प्रभू तीनदा घुमतो आणि पाळकसाहेब नकळत आवाज चढवतात. बोलण्याच्या माइकवरचा इफेक्ट पूर्ण बंद करून घ्या. गाण्याच्या माइकला थोडा राहिला तरी चालेल.

दुसरी अडचण प्रचारसभेत कधी येतच नाही, कारण तिथे कुणी गुडघे टेकत नाही. माइक उभ्या माणसाच्या तोंडाशी लावलेला असतो. प्रार्थना सुरू झाली की मान खाली जाते, आवाज पडतो. साउंडवाला गेन (माइकची संवेदनशीलता) वाढवतो आणि सेट शिट्टी मारतो. उपाय साधा आहे: वायरचा माइक बुटक्या स्टँडवर, गुडघे टेकलेल्या माणसाच्या हनुवटीशी, तोंडापासून चार बोटं. स्पीकर पुलपिटच्या (प्रवचनाच्या मंचाच्या) पुढे, तोंडं मंडळीकडे. मागे ठेवलेत तर शिट्टी ठरलेलीच.

मूक प्रार्थनेबद्दल आधीच सांगून ठेवा. दोन मिनिटं काहीच ऐकू आलं नाही की साउंडवाल्याला वाटतं माइक गेला, आणि तो ‘हॅलो, चेक’ करतो. बायबलच्या मत्तय ६ मध्ये येशू चवाठ्यावरच्या प्रार्थनेला नावं ठेवतो आणि खोलीत जाऊन दार लावायला सांगतो. भर मंडपात ते दार लागतं ते या दोन मिनिटांतच. म्हणून तेवढा वेळ सगळे चॅनल म्यूट, कॉर्डलेस माइक बंद.

निवडणुकीच्या दिवसांत दुसरा कॉर्डलेस माइक बॅगेतच राहू द्या. उमेदवार पाहुणा म्हणून येतो, पहिल्या रांगेत बसतो आणि कुणीतरी उत्साहाने माइक त्याच्या हातात देतं. आचारसंहितेनुसार प्रार्थनास्थळाचा प्रचारासाठी वापर करता येत नाही. धर्माच्या नावाने मत मागणं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात, कलम १२३(३) खाली, भ्रष्ट आचार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने २ जानेवारी २०१७ रोजी ४ विरुद्ध ३ मतांनी ते आणखी कडक केलं. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करायला बायबलमधल्या पत्रात पौल तीमथ्याला सांगतोच, ती जरूर करा; पण पदासाठी, उमेदवाराचं नाव घेऊन नव्हे. गांधीजींच्या सायंप्रार्थनेतही आधी प्रार्थना व्हायची आणि मग भाषण. पाहुण्याला बोलायचंच असेल तर आवाराबाहेर, त्याच्या सेटवर.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना १२ ते ३ चालते. सोलापूरचं ऊन आणि वर पत्रा! पॉवर्ड स्पीकर तापून मधेच गप्प होतात. मिक्सर आणि स्पीकर सावलीत हवेत, स्पीकरच्या पाठीमागे वितभर मोकळी जागा हवी. आवाज मागच्या रांगेत उभं राहून ठरवा, मिक्सरपाशी नाही. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि हा सेट ती सहज ओलांडतो.

ईस्टरच्या पहाटेला मात्र हा सेट घेऊच नका. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि पहाटेची उपासना बहुतेक ५ लाच सुरू होते. भाडं तर तासाचं नाही, दिवसाचं द्यावं लागतं. एक पेटी, दोन खणखणीत गळे, आणि खुर्च्या रांगांऐवजी अर्धगोलात; पाळकांचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो.