आठ जीबीत सोळा जीबीची भर: लॅपटॉपची रॅम वाढवल्यानंतरचे नऊ महिने

माझ्या लॅपटॉपमध्ये अकराव्या पिढीचा इंटेल कोअर आय५ प्रोसेसर आहे. ८ जीबी डीडीआर४ रॅम (चालू कामांचा मजकूर तात्पुरता ठेवणारी मेमरी) मदरबोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे न काढता येणारी असून तिच्या जोडीला एक स्लॉट रिकामा होता. त्या स्लॉटमध्ये १६ जीबीची पट्टी बसवून आता नऊ महिने झाले. पहिल्या आठवड्यात पदरमोड केलेली कोणतीही गोष्ट वेगवानच वाटते, म्हणून हा अनुभव लिहिण्याची मी मुद्दामच घाई केली नाही.

खरेदीपूर्वी मी आठवडाभर टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्रॅम किती मेमरी वापरतो ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडा ठेवून नेहमीची कामे केली. मेमरीच्या पानावर आपले लक्ष प्रथम टक्केवारीकडे जाते, पण रॅम अपुरी असताना तो आकडा फारसे सांगत नाही. जागा संपत आली की विंडोज काही मजकूर आकुंचित करून रॅममध्येच ठेवते आणि काही एसएसडीवरील (साठवणुकीच्या डिस्कवरील) पेज फाइल नावाच्या राखीव जागेत हलवते, त्यामुळे टक्केवारी नव्वदीच्या आसपास घुटमळत राहते आणि खरी गरज किती आहे याचा पत्ता लागत नाही. त्याच पानावर खाली ‘कमिटेड’ नावाची, म्हणजे प्रोग्रॅमनी एकूण मागून ठेवलेल्या मेमरीची नोंद असते, ती मला अधिक उपयोगी पडली. ब्राउझरचे तीसेक टॅब, एक मोठी स्प्रेडशीट, फोटो संपादनाचा प्रोग्रॅम आणि अधूनमधून लिनक्सचे व्हर्च्युअल मशीन (विंडोजच्या आतच चालणारा आभासी संगणक) एवढे चालू असताना ती नोंद १४ ते १५ जीबीपर्यंत जात होती. प्रोग्रॅम प्रत्यक्षात लागते त्याहून जास्त जागा राखून ठेवतात, त्यामुळे हा आकडा थोडा फुगीर असतो. तरीही ८ जीबी अपुरी आहे आणि ३२ जीबीची पट्टी घेतली तर तिचा बराचसा भाग रिकामाच राहील, एवढे त्यावरून स्पष्ट झाले.

प्रश्न उरला तो ८ की १६ एवढाच. दोन्ही बाजूंना सारखी क्षमता असली की संपूर्ण रॅम ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे प्रोसेसरशी एकाच वेळी दोन मार्गांनी जोडलेली चालते, म्हणून अनेकजण ८ जीबीच सुचवतात. परंतु क्षमता असमान असली तरी ड्युअल चॅनलचा लाभ पूर्णपणे जात नाही. इंटेलच्या फ्लेक्स पद्धतीत दोन्हीकडील ८-८ जीबी मिळून १६ जीबीचा भाग ड्युअल चॅनलमध्ये चालतो आणि उरलेली ८ जीबी एकाच चॅनलवर राहते. स्लॉट एकच असल्यामुळे पुढे कधी कमी पडलीच तर ८ जीबीची पट्टी काढून बाजूला ठेवावी लागली असती, म्हणून मी १६ जीबी घेतली आणि त्या निर्णयाचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही.

पहिली खरेदी मात्र फसली, आणि त्यात चूक माझीच होती. वेष्टनावर ३२०० हा वेगाचा आकडा ठळक होता. पण तो वेग १.३५ व्होल्टवर चालणाऱ्या एक्सएमपी प्रोफाइलचा (प्रमाणापेक्षा जास्त वेगाच्या तयार सेटिंगचा) होता आणि माझ्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे सुरू होताना हार्डवेअरची जुळवणी करणाऱ्या मूळ प्रणालीत, एक्सएमपीची सोयच नाही. पट्टी तिच्या मूळ प्रमाणित वेगाने, म्हणजे २४०० ने चालू झाली. सगळी रॅम एकाच वेगाने चालत असल्यामुळे तिने सोल्डर केलेल्या रॅमलाही २४०० वर खाली ओढले. ती परत करून मी १.२ व्होल्टवर ३२०० चा प्रमाणित वेग देणारी, सीएल२२ असलेली साधी पट्टी घेतली (सीएल म्हणजे प्रतिसादाला लागणारा विलंब; आकडा जितका लहान तितका तो कमी). कागदावर सीएल२० अधिक चांगली दिसते, पण विलंबाचे जे आकडे बायोस वापरणारच नाही त्यांच्यासाठी जादा मोजण्यात अर्थ नव्हता.

बसवताना बायोसमधून अंतर्गत बॅटरी बंद केली, मागचे झाकण प्लास्टिकच्या पातळ पत्तीने सोडवले आणि पट्टी तिरकी सरकवून दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या अडकेपर्यंत खाली दाबली. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा जवळपास मिनिटभर काळाच होता. बायोस नव्या रॅमची जुळवणी करत असते हे मला माहीत होते. तरीही ते मिनिट फार लांबले. त्या रात्री मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवून ठेवला, सकाळी एकही त्रुटी नव्हती.

सर्वांत ठळक फरक ग्राफिक्समध्ये पडला. प्रोसेसरमधील ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नसते, ते याच रॅमवर चालते. एका चॅनलवर ३२०० च्या वेगाने सेकंदाला २५.६ जीबीची कमाल वाहतूक होते, दोन चॅनलवर ती ५१.२ होते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आधी ‘यूएचडी ग्राफिक्स’ असे नाव होते, ते पट्टी बसवल्यावर ‘आयरिस एक्सई’ झाले, कारण या पिढीत ते नाव दोन्ही चॅनल भरलेले असतानाच दिसते. बाहेरचा फोर-के मॉनिटर जोडून खिडक्या हलवताना पूर्वी येणारे हिसके आता येत नाहीत.

व्हर्च्युअल मशीनला मी आता ६ जीबी देतो आणि ते चालू ठेवूनही ब्राउझर जुने टॅब पुन्हा लोड करत बसत नाही. लॅपटॉप सुरू होण्याचा वेळ मात्र तसूभरही कमी झालेला नाही आणि व्हिडिओ एक्स्पोर्टचा वेळ जवळपास पूर्वीइतकाच आहे; ती कामे एसएसडी आणि प्रोसेसरची आहेत. बॅटरीवर वापरताना फरक जाणवला नाही. हायबरनेशनची (रॅममधील मजकूर डिस्कवर ठेवून लॅपटॉप बंद करण्याच्या सोयीची) फाइल साधारणपणे रॅमच्या ४० टक्के जागा घेते, त्यामुळे एसएसडीवरील सहाएक जीबी जागा मात्र नकळत कमी झाली. माझी एसएसडी २५६ जीबीची असल्यामुळे ते मला लगेच जाणवले आणि गेल्या महिन्यात मी हायबरनेशन बंद करून टाकले.