४५ रुपयांचं सील आणि सात महिने

बंदूक चांगली आहे, हे आधीच सांगतो. .१७७ बोअरची (म्हणजे नळीच्या भोकाचं माप, इंचात) एअर रायफल. नळी सांध्यावर खाली वाकवून आतली स्प्रिंग दाबून ठेवायची, याला कॉक करणं म्हणतात. घोडा ओढला की स्प्रिंग पिस्टन ढकलते आणि दाबलेल्या हवेने छर्रा सुटतो. भारतीय कंपनीची, दीड वर्षापूर्वी घेतलेली. हा अनुभव बंदुकीपेक्षा तिच्या सुट्या भागांचा आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, विचारूही नका. तिथल्या एका माणसाने मला खूप मदत केली आणि बाकीच्यांनी तेवढाच वैताग दिला, त्यामुळे हिशेब बरोबरीत सुटला.

२०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं आणि आमच्या सांगली-कोल्हापूर भागात घराघरांतून पोरं रेंजवर जायला लागली. त्याचं पदक ५० मीटरच्या रायफलचं, पण सुरुवात बहुतेकांची १० मीटरच्या एअर रायफलनेच होते. आमची कन्याही त्यातलीच. क्लबातली मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची, लाखांच्या घरातली, ती क्लबातच राहते. घरी पकड आणि श्वासाचा सराव करायला ही स्प्रिंगवाली घेतली. लायसन्सची भानगड नाही, कारण .१७७ बोअर आणि २० जूलच्या आतला जोर. ओळखपत्र दिलं, बिल घेतलं, घरी आलो.

बिघडवली मीच. आमच्या वाड्यात आजोबांची जुनी छर्र्याची बंदूक होती, चिंचा पाडायची. तिच्या पिस्टनला चामड्याचा वायसर. तो सुकला की जोर जायचा, मग नळीच्या मागच्या भोकातून दोन थेंब तेल सोडायचं. तीच सवय मी नव्या बंदुकीला लावली. शिलाई मशीनचं तेल, दोन थेंब. नव्या बंदुकीतलं सील चामड्याचं नसतं, सिंथेटिक असतं, त्याला तेल लागत नाही. डिझेल इंजिनाला जसा स्पार्क प्लग नसतो, दाबाने तापलेल्या हवेतच तेल पेटतं, तसंच पिस्टनपुढे झालं. फाट्कन आवाज, नळीतून निळसर धूर आणि कन्या खूश, "बाबा, परत!" मीही मूर्खासारखा आठवडाभर ते करू दिलं. नंतर सील गेलं, हवेचा दाब टिकेना आणि छर्रे खाली पडायला लागले.

क्लबात वेग मोजायचं यंत्र आहे. नवी असताना साधारण अर्ध्या ग्रॅमचा, म्हणजे ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १९० मीटरने जायचा. आता १३०. वेग तिसऱ्या हिश्श्याने कमी झालेला दिसतो, पण जोराचं गणित वेगाच्या वर्गावर चालतं. साडेनऊ जूलवरून साडेचारवर, म्हणजे निम्म्याच्याही खाली. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे असली बंदूक घेऊन पोरीने सराव काय करायचा?

आता सुट्या भागांची कथा. दिवाळीनंतर बिलावरच्या नंबरला फोन केला. तो विक्री विभागाचा. ते म्हणाले, डीलरला विचारा. डीलर म्हणाला, अख्खी बंदूक कंपनीला पाठवा. कुरिअरवाला म्हणाला, बंदूक आम्ही घेत नाही. तीन आठवडे हा भोवरा फिरत राहिला. शेवटी माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात सर्व्हिसचा ईमेल सापडला. त्यावर मॉडेल, सिरीयल नंबरचा फोटो आणि बिल पाठवलं. दोन दिवसांत उत्तर, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे भाग सुटे करून दाखवलेलं चित्र, प्रत्येकाला नंबर. हे चित्र हातात आलं की अर्धी लढाई जिंकली. "ते रबराचं गोल" म्हणून फोनवर अर्धा तास घालवण्यापेक्षा "१७ नंबर, दोन नग" म्हटलं की काम होतं.

पिस्टनचं सील ४५ रुपये. पण किमान ५०० ची ऑर्डर लागते. म्हणून नळी जिथे वाकते त्या सांध्याची दोन सीलं, एक स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या आतली गाइड घेतली, ५०५ झाले, वर कुरिअर १२०. पाकिटावर "एअरगन स्पेअर" लिहिलेलं, त्यामुळे कुरिअरच्या पोराचा खालूनच फोन: "काका, बंदूक आहे का यात? वर येऊ का नको?" चहा पाजून पाकीट त्याच्यासमोर फोडलं. रबराची टिकली बघून तो फारच निराश झाला.

सील मात्र चुकीचं निघालं. व्हर्नियरने मोजलं तर जुन्या पिस्टनचं, एक मिलिमीटर लहान. मधल्या काळात कंपनीने पिस्टन बदलला होता आणि मला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. इथे तो भला माणूस भेटला, सर्व्हिसमधला मिस्त्री. "भाईसाब, आपका नया पिस्टन है, पहले नाप भेजना था." पहिल्या दिवशी कुणी माप मागितलं असतं तर पाठवलं नसतं का? पण दुसरं सील त्याने फुकट पाठवलं, कुरिअर तेवढं माझं.

दुसरं सील माझ्याच हातून कापलं गेलं. बंदूक उघडणं अवघड नाही, पण घाईचं काम नाही. स्प्रिंग आत दाबून बसवलेली असते. मागच्या ब्लॉकची आडवी पिन नुसती ठोकून काढली तर ब्लॉक तोंडावर येईल. मी शेजारच्या सुताराचा लांब क्लॅम्प आणला, दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे लावले, थोडं दाबून मग पिन काढली आणि हळूहळू क्लॅम्प सैल केला. स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये, निघाले त्या क्रमाने. इथपर्यंत शाबासकी. पण पिस्टन परत सरकवताना नळकांड्याला कॉकिंगच्या दांड्यासाठी लांब खाच असते, तिची कड धारदार. नवं सील त्या कडेवरून गेलं आणि नखाएवढी चकती सोलून निघाली. आवाजसुद्धा आला नाही, बाहेर काढल्यावर दिसलं. त्या कडेवरून बारीक पॉलिश पेपर फिरवायचा आणि दुधाच्या पिशवीची पट्टी कापून सीलभोवती धरायची, हे मिस्त्रीने नंतर सांगितलं. म्हणून सांगतो, सील एक मागवू नका, तीन मागवा.

तीन मागवली तर मार्च एंड. स्टॉक मोजणी चालू, माल निघणार नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आली. या वेळी सगळं नीट बसलं. पिस्टनच्या मागच्या अंगाला मॉली ग्रीसचा पुसट हात, सीलच्या पुढे काहीही नाही. नळीच्या सांध्याची सीलंही बदलली. तिथून हवा गळते का हे बघायची सोपी युक्ती: सांध्यावर टाल्कम पावडर भुरभुरवायची आणि छर्रा घालून टार्गेटवर मारायचा. पावडर उडाली तर गळती. आता क्लबात वेग १८२ आला. गुण दिले पाहिजेत, कंपनीचा माल अस्सल आहे.

यात खटकतं ते वेगळंच. आजोबांच्या बंदुकीची कंपनी कधीच बंद पडली, तरी तिचा वायसर आमच्या स्टँडवरच्या गटईवाल्या मामांनी जाड चामड्यातून कापून दिला होता, दहा मिनिटांत. नव्या बंदुकीचं सील गावात कुणी करू शकत नाही. एका लेथवाल्याने नायलॉनचं करून बघितलं, मला आवडलं नाही, लावलं नाही. म्हणजे कंपनी जेवढी दारात उभी राहील तेवढीच ही बंदूक जगणार. घेताना मी नळी, दस्ता, दुर्बीण सगळं बघितलं. पाच वर्षांनी सील मिळेल का, हे विचारायचं डोक्यात आलं नाही.

जास्त ताकदीची स्प्रिंग विकणारेही या काळात भेटले, "काका, डबल पॉवर". अजिबात घेऊ नका. २० जूलच्या वर गेलात की ती बिनलायसन्सची बंदूक राहत नाही, आणि १० मीटरच्या कागदाला तेवढा जोर हवाय कशाला?

मे महिन्यात नवीन दुखणं. ट्रिगर कधीकधी पकडत नाही, कॉक केल्यावर घसरतो. आतली कडी झिजली असणार. चित्रातला नंबर बघून ऑर्डर टाकली, आणि पहिल्यांदाच साफ नकार: ट्रिगरचे भाग सुटे देत नाही. मी दोन दिवस चडफडलो. मग मिस्त्रीने विचारलं, नळी उघडी असताना घोडा सुटला तर काय होईल? नळी झटक्यात वर येते, आणि त्या वेळी छर्रा भरणारी बोटं नेमकी तिथेच असतात. बोटं माझ्या पोरीची. त्यानंतर मी वाद घातला नाही. तरी अख्खा ट्रिगर ब्लॉक जोडलेला, सीलबंद द्यायला काय हरकत आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

तर सध्या बंदूक कपाटाच्या वर, बिनकॉक, पोरीला हात लावायला बंदी. सुट्टीत मी स्वतः ती घेऊन कंपनीत जाणार आहे, रेल्वेने. बिलाच्या तीन झेरॉक्स काढून पिशवीत ठेवल्यात, आणि उरलेली दोन सीलं सुईदोऱ्याच्या डब्यात आहेत. बायको ती दोनदा बटणं समजून शिवायला निघाली होती.