विदेशी ग्रुप टूरवर मुलांची संध्याकाळ: युरोप, सिंगापूर, दुबई की क्रूझ?

परदेशी ग्रुप टूरच्या माहितीपत्रकात हल्ली एक ओळ हमखास असते: 'मुलांसाठी संध्याकाळी धमाल खेळ आणि बक्षिसं.' पणजीच्या किंवा मडगावच्या बुकिंग ऑफिसात बसून ती वाचली की सगळ्या टूर सारख्याच वाटू लागतात. खेळ थोडेफार सगळीकडे तेच असतात, हे खरं. पण मूल संध्याकाळी कितपत जागं असेल, बस किती वाजेपर्यंत हाताशी असेल आणि जेवण कधी उरकेल, हे त्या त्या देशाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. टूर मॅनेजर कितीही हौशी असला तरी तिथे त्याचं काही चालत नाही.

झोप अजून गोव्याच्या वेळेवर

मे महिन्यात पॅरिस आणि स्वित्झर्लंड आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात, लंडन साडेचार. दुबई दीड तास मागे. थायलंड दीड तास पुढे, तर सिंगापूर, मलेशिया, बाली अडीच तास पुढे.

घरी रात्री साडेनऊला झोपणारी दुसरीतली मुलगी घ्या. पॅरिसमध्ये संध्याकाळचे 6 वाजतात तेव्हा तिच्या अंगात साडेनऊ वाजलेले असतात. बाहेर लख्ख ऊन असतं आणि ही जेवणाच्या टेबलावरच पेंगते. तीच मुलगी सिंगापूरमध्ये रात्री 9 वाजता टुणटुणीत असते, कारण तिच्या लेखी तेव्हा साडेसहाच झालेले असतात. मात्र तिथला सकाळी 7 चा वेक-अप कॉल तिला पहाटे साडेचारचा पडतो. पूर्वेला गेलात तर संध्याकाळ सोपी आणि सकाळ जड. पश्चिमेला नेमकं उलटं. मुलांचं शरीर दिवसाकाठी साधारण तासभर जुळवून घेतं, म्हणजे युरोपात तीन-चार दिवस गेले की गाडी रुळावर येते. सिंगापूरच्या अडीच तासांनाही दोन-तीन दिवस लागतात, आणि पाच-सहा दिवसांच्या टूरमध्ये तेवढ्यात अर्धी टूर झालेली असते. संध्याकाळच्या दृष्टीने ते फायद्याचंच.

त्यात बहुतेक ग्रुप मुंबईहून निघतात. मोपा किंवा दाबोळीहून मुंबई, मग विमानतळावर ताटकळणं, मग रात्रीचं विमान. सिंगापूरला सकाळी उतरलात तरी हॉटेलची खोली दुपारी 2-3 च्या आधी मिळेलच असं नाही. त्या दिवशी संध्याकाळी 'नाइट सफारी' (तिथल्या प्राणिसंग्रहालयाची रात्रीची फेरी) छापलेली असेल तर आधी तिची तारीख बदलता येईल का ते विचारा. आदल्या रात्री न झोपलेल्या मुलाला कुठल्याच देशाचं घड्याळ वाचवत नाही.

युरोप: बस रात्री मिळत नाही

संध्याकाळचा कार्यक्रम सर्वात जास्त फसतो तो इथे, आणि त्याला कारण आहे बसचा ड्रायव्हर. युरोपियन संघाच्या 561/2006 या नियमानुसार ड्रायव्हरला 24 तासांत सलग 11 तास विश्रांती द्यावीच लागते. आठवड्याच्या दोन सुट्ट्यांच्या मध्ये फार तर तीन वेळा ती 9 तासांवर आणता येते. म्हणजे बस सकाळी 8 ला हलली तर एरवी रात्री 9 ला ती उभी राहिलीच पाहिजे. दिवसाचं प्रत्यक्ष ड्रायव्हिंग 9 तास, आठवड्यातून दोनदा 10. दर साडेचार तासांच्या ड्रायव्हिंगमागे 45 मिनिटांची विश्रांती. हे सगळं टॅकोग्राफमध्ये, म्हणजे बसमधल्या नोंदयंत्रात, नोंदलं जातं, त्यामुळे 'दादा, एक चक्कर मारू या' असं म्हणून भागत नाही.

आता हिशेब मांडा. साडेसहा-सातला भारतीय रेस्टॉरंटमध्ये जेवण. तिथून शहराबाहेरचं हॉटेल अर्धा-पाऊण तास. सामान, चाव्या, लिफ्टची रांग. पावणेनऊ वाजले. मध्यम दर्जाच्या युरोपियन हॉटेलात मोकळा हॉल नसतो आणि नाश्त्याची खोली संध्याकाळी बंद असते. उरते लॉबी, आणि स्वित्झर्लंड, जर्मनीत रात्री 10 पासून शांततेची वेळ सुरू होते. कॉरिडॉरमध्ये पकडापकडी सुरू झाली की रिसेप्शनचा फोन आलाच. म्हणून 'किड्स ईव्हनिंग' शेवटी बसमध्येच उरकते. तिथेही सीटबेल्ट लावून बसावं लागतं, मुलांनी मधल्या वाटेत उभं राहून नाच केलेला चालत नाही. बसल्या जागी माइक फिरवून होणारे खेळ तेवढे जमतात.

पॅरिसचा आयफेल टॉवर चमकतो, 20,000 दिव्यांनी, अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला 5 मिनिटं. मेच्या अखेरीस तिथे सूर्यच साडेनऊनंतर मावळतो. पहिला चमचमाट रात्री 10 च्या पुढे, आपल्याकडचे दीड वाजून गेलेले. पॅरिस टूरच्या पहिल्या दोन दिवसांत असेल तर लहान मुलांसाठी हा कार्यक्रम सोडून द्या. शेवटी असेल तर दुपारी झोपवून न्या. सीन नदीची तासाभराची बोटफेरी त्यापेक्षा सोयीची, कारण ती दिवसाही होते. वरच्या डेकवर मेमध्येही वारा बोचतो, जाकीट हातात ठेवा.

आणखी एक फट. पॅरिसमध्ये मोठ्यांसाठी कॅबरे शो 'ऑप्शनल' असतो. मॅनेजर एकच असेल तर तो त्या ग्रुपबरोबर जातो आणि हॉटेलात मुलांसाठी कोणी उरत नाही. आई-पप्पांपैकी एकाने थांबायचं, हे घरूनच ठरवून निघा.

युरोपची खरी संध्याकाळ माहितीपत्रकात नसतेच. स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला मुक्काम असेल तर गावाच्या मधोमध होहेमाट्टे नावाचं सुमारे 14 हेक्टरचं कुरण आहे. पॅराग्लायडर तिथेच उतरतात. मेअखेरीस 9 वाजेपर्यंत उजेड. एक चेंडू, दोन पाण्याच्या बाटल्या आणि बसून बघायला युंगफ्राऊचं शिखर. खर्च शून्य. टूर विकत घेताना मुक्काम इंटरलाकेन गावात आहे की तासभर लांबच्या हॉटेलात, हे पाहणं बक्षिसांच्या ओळीपेक्षा जास्त कामाचं.

सिंगापूर: मुलांच्या बाजूने सगळं

सूर्य बारा महिने सातच्या सुमारास मावळतो, अंतरं कमी, आणि मुलाच्या अंगातलं घड्याळ तुमच्या बाजूने. गार्डन्स बाय द बे या बागेतला सुपरट्रीचा (झाडाच्या आकाराच्या उंच मनोऱ्यांचा) प्रकाश-संगीताचा खेळ रोज 7:45 आणि 8:45 ला, सुमारे 15 मिनिटं, फुकट. एकूण 18 सुपरट्री, त्यांतल्या 12 एकाच ठिकाणी, 25 ते 50 मीटर उंचीच्या. बघायची रीत अशी: उभं राहून मान मोडण्यापेक्षा एक चादर अंथरून मुलांना सरळ आडवं करा. फुकटचा हा खेळ जर 'ऑप्शनल' म्हणून पैसे लावून दाखवला असेल, तर ते पैसे बसचे की सुपरट्रींना जोडणाऱ्या वरच्या पुलाच्या तिकिटाचे, एवढं विचारून घ्या.

घोटाळा होतो जेवणाच्या वेळेत. लिटल इंडियात साडेसातचं जेवण असेल तर 7:45 चा खेळ गेला. 8:45 चा गाठायचा तर आठ-सव्वाआठला ताटावरून उठावं लागतं. साडेसहाचं जेवण मागून घ्या. गोव्याच्या वेळेने ते चार वाजता होतं, म्हणून मुलं कमी खातील. बॅगेत केळी, बिस्किटं, शेंगदाण्याची चिक्की हवीच.

नाइट सफारी 1994 पासून चालू आहे आणि संध्याकाळी सव्वासातला उघडते. ट्रामची फेरी सुमारे 40 मिनिटांची. फ्लॅश चालत नाही, त्यामुळे मोबाइल आधीच नीट लावून ठेवा. ऐन बिबट्यासमोर सेटिंग शोधणारे पप्पा प्रत्येक ट्राममध्ये एक तरी असतात. काळोखाला घाबरणाऱ्या तीन-चार वर्षांच्या मुलाला तिथे मजा येत नाही. पाच ते दहा वयाला मात्र या आढाव्यातला हा सर्वात चांगला कार्यक्रम आहे. ख्रिसमसच्या सुट्टीत गेलात तर तिथला पावसाळा चालू असतो. ट्रामला छप्पर असतं, सुपरट्रीखाली नसतं.

थायलंड जोडून घेतलेल्या टूरमध्ये पट्टायाची संध्याकाळ मोठ्यांसाठी आहे, असं धरून चाला. हॉटेलला पोहण्याचा तलाव असला आणि तो रात्री 8 पर्यंत उघडा असला म्हणजे पुरे.

दुबई: एक मोठी संध्याकाळ, बाकी मॉल

डेझर्ट सफारीची गाडी दुपारी 3 च्या आसपास निघते आणि परत यायला 9 वाजून जातात, मुलाच्या लेखी साडेदहा. त्यात वाळूच्या टेकड्यांवरून गाडी उडवणं अर्धा-पाऊण तास, मग कॅम्पवर उंट, मेंदी, तनुरा (गिरक्यांचा) नाच, बार्बेक्यू. बिघडतं ते पहिल्या अर्ध्या तासात. दुपारी भरपेट बिर्याणी खाऊन बसलेलं मूल पाचव्या टेकडीवर ओकतं. निघण्याआधी दोन तास हलकं खाणं, गाडीत मधली रांग (मागची सर्वात जास्त आपटते) आणि हातात एक प्लास्टिकची पिशवी. तीन वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना टेकड्यांवर नेत नाहीत. त्यांना थेट कॅम्पवर सोडण्याची सोय होते, पण आदल्या दिवशी सांगितलं तरच. बेली डान्स कार्यक्रमात असतोच. ज्यांना तो मुलांपुढे नको, त्यांनी त्या वेळी उंटाची रांग धरावी.

ग्लोबल व्हिलेज ही दुबईतली मोठी जत्रा ऑक्टोबर ते मे या हंगामातच असते. मुलांना राइड्स आवडतात, पण चालणं फार. दिवाळीच्या सुट्टीत दुबईत साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो, म्हणून संध्याकाळ लवकर सुरू होऊन लवकर संपवता येते. मेमध्ये सूर्य सातपर्यंत असतो आणि त्यानंतरही वाळू तापलेलीच. मेच्या सुट्टीत मुलांना घेऊन दुबई, हा आमच्या मते चुकीचा सौदा, तिकीट कितीही स्वस्त असो.

क्रूझ: आई-पप्पांनाही संध्याकाळ मिळते

बाकी सर्व टूरमध्ये टूर मॅनेजर मुलांना खेळवतो तेव्हा आई-पप्पांनी जवळपास असणं अपेक्षित असतं. तो मुलं सांभाळणारा नव्हे. मोठ्या जहाजांवरच्या किड्स क्लबमध्ये मूल सहीनिशी सोपवून जाता येतं आणि सहीनिशीच परत घ्यायचं असतं. वयाप्रमाणे गट वेगळे. अट साधारण अशी: तीन वर्षं पूर्ण आणि डायपर सुटलेला. काही जहाजांवर रात्री 10 नंतर तासावर पैसे लागतात. जहाजावर चढल्या चढल्या नाव नोंदवा. पहिल्या रात्री जेवणानंतर गेलात तर फॉर्म भरण्यातच वेळ जातो. ॲलर्जी फॉर्मात लिहायलाच हवी.

कमी काय? ग्रुपमधली मुलं इथे एकत्र राहत नाहीत, वयाप्रमाणे विखुरतात. गोव्यातली मुलं इंग्रजीला बुजत नाहीत, त्यामुळे भाषेची अडचण सहसा नसते. लाजरं एकुलतं मूल मात्र पहिला दिवस दारातच काढतं. समुद्र लागणाऱ्यांनी मधली, खालच्या डेकवरची केबिन मागावी.

हौजी का फसते

मॅनेजरच्या पोतडीत हौजी सर्वात वर. एका तिकिटावर 15 आकडे, तीन ओळींत पाच-पाच. चाळीस तिकिटं असली तर फुल हाउस लागायला 90 पैकी सुमारे 70 आकडे पुकारावे लागतात. प्रत्येक आकडा दोन भाषांत, दोनदा, शिवाय खोटे दावे तपासणं: अर्धा तास गेला. सहा वर्षांचं मूल दहाव्या मिनिटाला तिकिटाचं विमान करतं. लहानांसाठी 'पहिले पाच' आणि 'वरची ओळ' एवढ्यावर थांबायचं, तेवढ्यात पुढची तिकिटं वाटायची आणि बक्षीस एकालाच न देता सगळ्यांना एकेक चॉकलेट. मोठ्यांची फुल हाउस नंतर. असं करा, हे मॅनेजरला पहिल्याच दिवशी सुचवता येतं.

कला सादर करायची संध्याकाळ असेल तर घुमट (मातीच्या भांड्याचं गोव्यातलं वाद्य) न्यायचा मोह आवरा. मातीचं भांडं चेक-इन बॅगेत शाबूत पोचत नाही. फुगडीला चार हात पुरतात आणि पुण्या-मुंबईच्या पोरींनाही दहा मिनिटांत जमते. अंताक्षरीत मात्र कोंकणी गाणं धरायचं की नाही, हे आधी ठरवून घ्या, नाहीतर 'हे गाणं आहेच कुठे' यावर भांडण ठरलेलं.

बुकिंगच्या टेबलावर

विचारायचं ते तारखेनिशी विचारा: या तारखेच्या ग्रुपमध्ये 5 ते 12 वयाची मुलं आत्तापर्यंत किती? तीनच असतील तर खेळ कागदावरच राहतील. मॅनेजरबरोबर दुसरा माणूस आहे का? हॉटेलांची नावं काय, आणि 'किंवा तत्सम' लिहिलं असेल तर शहरापासून किती लांब? पहिल्या दोन संध्याकाळी काय आहे?

मेची सुट्टी आणि मूल दहाच्या पुढचं असेल तर युरोप घ्या. संध्याकाळचे खेळ नाहीत असं समजूनच घ्या आणि इंटरलाकेनसारख्या गावात दोन रात्री जास्त असलेली टूर निवडा. पाच ते नऊ वयाला सिंगापूर. तीनच्या आतलं मूल असेल तर क्रूझ आणि डेझर्ट सफारी, दोन्हींसाठी ते अजून लहानच. दोनच शहरं असलेली, तलाव असलेल्या हॉटेलची टूर बरी. दिवाळीला दुबई किंवा सिंगापूर दोन्ही चालतात, फक्त निघायची तारीख नरक चतुर्दशीच्या आदली घेऊ नका. महिनाभर खपून केलेला नरकासुराचा पुतळा न जाळता विमानात बसवलेलं तेरा वर्षांचं पोरगं पहिल्या चार संध्याकाळी कुठल्याच खेळात उतरत नाही.