पहिला हिवाळा: अंजनेरीचा कातळ की हडबीची शेंडी?

हरिहरच्या पायऱ्या झाल्या, कळसूबाई झालं, अलंग-मदनचा पॅच (उभा कातळटप्पा) कुणीतरी वरून दोर धरला म्हणून पार पडला. आता दोराच्या मागे लपायचं नाही, नीट चढायला शिकायचं आहे. दिवाळीनंतर नाशिकच्या ट्रेकर मंडळींत अशी इच्छा बोलून दाखवणारं कुणीतरी भेटतंच, आणि त्यांच्यासमोर बहुतेक वेळा दोन वाटा असतात. एक म्हणजे त्र्यंबक रोडवर शहरापासून विसेक किलोमीटरवरच्या अंजनेरीच्या उतारावर, झाडीतल्या छोट्या कातळभिंतींवर सराव. दुसरी म्हणजे मनमाडजवळ, अनकाई-टनकाईच्या रांगेत अंगठ्यासारखी उभी असलेली हडबीची शेंडी. तिथे एका दिवसात सुळका सर होतो आणि माथ्यावर तिरंगा घेऊन फोटो निघतो.

शिकायचं असेल तर पहिला हिवाळा अंजनेरीला द्या, हे माझं स्पष्ट मत आहे. शेंडी वाईट आहे म्हणून नाही. ती सुंदर आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे तयारीने जावं.

साधा हिशोब बघा. पंधरा जणांचा गट, चढाईचा दोर एक आणि प्रत्येकाला वीस मिनिटं धरली तरी पाच तास गेले. सगळ्यांनी उतरायचं ते वेगळंच. म्हणजे दिवसभरात तुमच्या वाट्याला एक चढाई येते, तीही मागचे खोळंबलेत या दडपणाखाली. पाय घसरला तर वरून ओढून घेतात. माथा मिळतो, पण पाय नेमका कशामुळे घसरला ते कळत नाही. कातळभिंतीवर टॉप रोप, म्हणजे वर अडकवून खाली सोडलेला दोर, लावला की तोच पॅच पुन्हा करता येतो. आधी हातांच्या जोरावर, मग पायांवर भार टाकून, मग टाच खाली सोडून. प्रस्तरारोहण अंगात मुरतं ते या पुनरावृत्तीतून.

शिवाय अंजनेरीला विविधता आहे. एका बाजूला तिरका, गुळगुळीत कातळ असतो. तिथे पकड जवळजवळ नसते आणि बुटाच्या रबरावर विश्वास ठेवायला शिकावं लागतं. थोडं पुढे उभी भेग येते, तिच्यात पंजा अडकवून वर सरकायचं. कुठे डोक्यावर पुढे आलेला दगड असतो आणि तो ओलांडताना पोटाचे स्नायू कामाला लागतात. सुळक्यावर बहुतेक सगळे एकाच ठरलेल्या मार्गाने जातात. तो मार्ग तुमच्या उंचीला, ताकदीला जमणारा नसेल तर दुसरा पर्याय हाताशी नसतो.

दगड दोन्हीकडे एकच, सह्याद्रीचा बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, आणि चढणाऱ्याला हे थर वाचता आले पाहिजेत. थराचा मधला भाग घट्ट असतो. त्यात भेगा आणि धारदार कंगोरे मिळतात. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो. तिथे बोटं घालायला खळगे सापडतात, पण दगड ठिसूळ निघू शकतो. (याच पोकळ्यांत पुढे खनिजांचे स्फटिक वाढले. पांडवलेण्यांजवळच्या खाणींतलं हिरवं अपोफिलाइट जगभरच्या संग्रहांत आहे.) दोन थरांच्या मध्ये लालसर मातकट पट्टा दिसला तर त्यावर भार टाकायचा नाही. पकड घेण्याआधी तळहाताने थाप मारायची. आवाज खणखणीत आला तर ठीक, पोकळ आला तर ती पकड सोडून द्यायची. जमिनीपासून दहा-बारा फुटांवर, खाली बिले देणारा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणारा, ओळखीचा माणूस असताना ही सवय लागते. शेंडीवर ऐन चढाईत ती शिकायला सवड नसते.

उतरण्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि माझी खरी काळजी तीच आहे. शेंडीची उंची सुमारे 120 फूट, म्हणजे 36 मीटरच्या आसपास सांगितली जाते. उतरल्यावर ओढून घेता यावा म्हणून नेहमीचा 60 मीटरचा दोर दुहेरी केला की 30 मीटर उरतो. माथ्यापासून पार पायथ्यापर्यंत उतरायचं असेल तर दोन दोर जोडावे लागतात किंवा मध्ये भक्कम थांबा लागतो, आणि दोराच्या टोकाला गाठ मारलेली असलीच पाहिजे. 2022 च्या जानेवारीत याच शेंडीवर दोघा गिर्यारोहकांचा पडून मृत्यू झाला. भीती घालायची म्हणून हे लिहीत नाही. तिथे जाल तेव्हा दोर कोण लावणार, कातळात ठोकलेल्या मेखा किती जुन्या आहेत आणि शेवटचा माणूस कसा उतरणार, हे प्रश्न आयोजकांना मोकळेपणाने विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर पैसे गेले तरी चालतील, त्या दिवशी घरी थांबा.

अंजनेरीलाही जपावं लागतं, पण वेगळ्या कारणांनी. हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि वरच्या उंच कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. त्यांचा विणीचा काळ आणि आपला चढाईचा मोसम नेमका एकाच वेळी येतो. म्हणून वरचे कडे त्यांचेच राहू द्यावेत आणि आपण खालच्या भिंतींवर सराव करावा, तोही वनखात्याची परवानगी घेऊन. कपारीत आग्या मोहोळ दिसलं तर ती भिंत त्या दिवसापुरती सोडायची. सिगारेट, अत्तर, आरडाओरडा यांना तिथे जागा नाही. बिबट्याचा वावर असल्याने अंधार पडायच्या आत गाडीपाशी यावं.

झाडीचा फायदाही मोठा आहे. सावलीमुळे दुपारीही सराव चालू ठेवता येतो. शेंडी मात्र उघड्या माळावर आहे, फेब्रुवारीत अकरानंतर तिथला दगड हाताला चटके देतो. उलट पावसाळ्यानंतर झाडीतला कातळ उशिरा सुकतो आणि शेवाळ टिकून राहतं, त्यामुळे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबलेलं बरं.

अंतराचा मुद्दा लहान आहे, पण निर्णायक ठरतो. अंजनेरीला रविवारी सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी येता येतं, त्यामुळे दर आठवड्याला जाणं जमतं. मनमाडला पूर्ण दिवस जातो.

शेंडी आधी कुणी करावी? ज्यांना क्लायंबर व्हायचं नाही, एकदाच सुळक्याच्या माथ्यावरून सातमाळा रांग बघायची आहे आणि ज्यांच्याबरोबर अनुभवी संस्था आहे, त्यांनी खुशाल जावं. तो अनुभवही खराच आहे.

बाकीच्यांनी स्वतःचं हेल्मेट, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), बिले डिव्हाइस आणि पायाला घट्ट, पण बोटं न दुमडणारे बूट घेऊन अंजनेरी गाठावी. दुसऱ्याला बिले देताना नजर दोरावरून हलत नाही, आठाची गाठ डोळे मिटून जमते आणि रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून उतरताना, प्रुसिक (हात सुटला तरी दोर पकडून धरणारी गाठ) लावल्याशिवाय तुम्ही निघतच नाही, असं झालं की शेंडीची तारीख ठरवा. शक्यतो जानेवारीतली, चार-पाच जणांच्या गटाने, पहाटे मनमाड गाठून.