एक्झेनाटाइडचं पेन: सरड्याच्या विषावरून सुचलेलं मधुमेहाचं इंजेक्शन

टाइप २ मधुमेहासाठी डॉक्टरांनी हे लिहून दिलं तेव्हा घरच्यांनी आधी विचारलं, ‘म्हणजे विष टोचून घेणार?’ तसं नाही. पेनमधलं औषध प्रयोगशाळेतच तयार होतं. मूळ रेणू मात्र गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याचा. त्याच्या विषाचा स्वादुपिंडावर परिणाम होतो हे आधी दिसलं होतं. तोच माग धरून संशोधक जॉन एंग यांनी ३९ अमिनो आम्लांचा हा रेणू वेगळा केला आणि १९९२ मध्ये जाहीर केला. आपल्या आतड्यातल्या, इन्शुलिनला चालना देणाऱ्या जीएलपी-१ संप्रेरकाशी तो निम्म्याहून थोडा जास्त जुळतो. आपलं संप्रेरक रक्तातलं एक विकर (एन्झाइम) काही मिनिटांतच तोडतं, सरड्याचा रेणू त्याला दाद देत नाही आणि काही तास टिकतो. मी जीवशास्त्र शिकवते. एवढ्याशा फरकावर अख्खं औषध उभं राहिलं, याचं मला फार अप्रूप आहे.

पेन हाताळायला सोपं. सुई बारीक, पोटावर किंवा मांडीवर टोचली तरी फारसं जाणवत नाही. जाच वेळेचा. दिवसातून दोनदा, मुख्य जेवणाआधीच्या तासाभरातच घ्यायचं; जेवण झालं की तो डोस सोडून द्यायचा. सुई पेनला लावून ठेवू नका, औषध गळतं. आणि वापर सुरू केल्यापासून ३० दिवसांनी उरलेलं औषध टाकायचंच.

मळमळीबद्दल स्पष्ट सांगते. सुरुवातीला ती चांगलीच होती, ५ मायक्रोग्रॅमवरून १० वर गेल्यावर पुन्हा उफाळली. कमी कमी खाल्ल्यानं आणि तळलेलं टाळल्यानं ती हळूहळू ओसरली. जेवणानंतरची साखर मात्र खरोखर खाली आली, भूकही आवरली.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे साखर वाढलेली असेल तेव्हाच हे औषध इन्शुलिनला चालना देतं. त्यामुळे एकटं घेतलं तर साखर एकदम उतरण्याची भीती कमी. सोबत ग्लिमेपिराइडसारखी इन्शुलिन वाढवणारी गोळी चालू असेल तर ती भीती राहते, तेव्हा गोळीचा डोस डॉक्टरांकडून तपासून घ्या. टाइप १ वाल्यांसाठी हे नाही. पाठीकडे जाणारी, न थांबणारी पोटदुखी सुरू झाली तर इंजेक्शन थांबवून लगेच दवाखाना गाठा, स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. दोनदा टोचणं जमणार नसेल तर याच वर्गातली आठवड्यातून एकदा घ्यायची औषधंही आहेत, त्यांबद्दल विचारून बघा.